तुरीच्या हंगामाआधी फिरता निधी उभारायचा आहे : महिला ग्रामसंघाचे आवाहन

गावातल्या आणि नोकरीधंद्यासाठी बाहेर राहणाऱ्या सर्वांना नमस्कार.

यवतमाळ जिल्ह्यातल्या आपल्या गावात बचत गटाच्या चौघी जणी मिनी डाळ मिल चालवतात. क्विंटलभर तुरीची सत्तर-पंचाहत्तर किलो डाळ निघते, चुनी (भरडताना निघणारा चुरा) गावातच ढोरांसाठी जाते. माल खपतो, अडतं ते तूर खरेदीपाशी. जानेवारी-फेब्रुवारीत तूर घरात आली की शेतकऱ्याला रोख हवी असते, कृषी केंद्राची उधारी त्याच्या डोक्यावर असते. मग तुरीला तेल-पाणी लावा, वाळवा, भरडा, आठवडी बाजारात न्या. पैसा मोकळा व्हायला दीड-दोन महिने लागतात.

फायनान्सवाले कर्ज लगेच देतात, पण हप्ता लगेच सुरू होतो आणि व्याज वर्षाला २०-२५ टक्क्यांच्या घरात. मागच्या हंगामात एकीने हप्त्यासाठी अंगणात वाळत घातलेली तूर तशीच पोत्यात भरून व्यापाऱ्याला दिली. मेहनत तिची, डाळीचा नफा दुसऱ्याचा. बँकेचं कर्ज गटाला स्वस्त पडतं, पण ते सगळ्या सदस्यांत वाटलं जातं. एकीच्या वाट्याला चार पोत्यांपुरतेच पैसे येतात.

म्हणून ग्रामसंघ, म्हणजे गावातल्या बचत गटांचा संघ, ३ लाख रुपयांचा फिरता निधी उभारत आहे. जानेवारीत उचल, मे अखेर एकरकमी परतफेड, व्याज महिन्याला शेकडा एक रुपया, तेही निधीतच जमा. पावसाळ्यात हाच पैसा शिलाई आणि किराणावाल्या बहिणींना मिळेल.

“व्याजाने पैसे ठेवू का?” असं काहींनी विचारलं. नाही, ही देणगीच आहे. लोकांकडून ऑनलाइन पैसे घेऊन कर्जाऊ देण्या-घेण्याचा व्यवहार रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे तिच्याकडे नोंदणी केलेली कंपनीच चालवू शकते. आयकर सवलतीचं प्रमाणपत्र आमच्याकडे नाही, हेही आधीच सांगतो.

मदत मागताना बायकांचे रडवेले फोटो आम्ही टाकणार नाही. त्या कष्टाने धंदा करतात, त्यांची कीव कुणी करू नये. त्याऐवजी कुणाला किती उचल दिली आणि किती परत आली, ते दर महिन्याच्या बैठकीनंतर ग्रामपंचायतीच्या फलकावर लागेल आणि देणगीदारांना फोनवर येईल.

पैसे ग्रामसंघाच्या बँक खात्यातच भरा, कुणा एकीच्या नंबरवर पाठवू नका. पावती अवश्य मागा. शंभर रुपयेही चालतील. ज्यांना देणगी जमत नसेल त्यांनी नागपूर-पुण्यातल्या आपल्या सोसायटीतून डाळीची आगाऊ मागणी डिसेंबर अखेरपर्यंत कळवावी, म्हणजे किती तूर घ्यायची ते आम्हाला ठरवता येईल.