‘साहेब बोलतायत माझ्याशी’ असं सांगणाऱ्या ट्रॅक्टरवाल्या दादांस

दादा, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव ठाऊक नाही. रात्री आठच्या सुमारास, आष्ट्याच्या अलीकडे, कारखान्यावर ऊस खाली करून दोन रिकाम्या ट्रॉल्या घेऊन परतणारे तुम्ही, एवढीच तुमची ओळख. त्या रात्री भाऊजींची, म्हणजे माझ्या ताईच्या नवऱ्याची, गाडी पुलाच्या कठड्यावर चढली आणि तुम्ही मदतीला थांबलात. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितोय. सांगली-पेठ रस्त्यावर तुमचा कोणी ओळखीचा वाचेल आणि सांगेल, या आशेवर.

तुमच्या आधीही एकाचा फोन आला होता. “लई मोठा ॲक्सिडेंट झालाय, लवकर या,” आणि कट. कुठे, कसा, माणूस आहे की गेला, काही नाही. उलट फोन केला तर उचलला नाही. तोवर गावाच्या ग्रुपवर व्हिडिओ येऊन पडला होता. पुलाच्या कठड्यावर चढलेली गाडी, फुटलेली काच, आणि मागून कोणाचा तरी आवाज, “गेला बहुतेक.” ताई स्कूटरची किल्ली घेऊन दारात उभी होती. अशा वेळी घरातून निघालेला माणूस कसा गाडी चालवतो ते वेगळं सांगायला नको. एकाच रात्री एकाच घरातले दोन अपघात, अशा फाइली विम्याच्या क्लेमच्या कामात माझ्या हाताखालून गेल्या आहेत.

मग तुमचा फोन आला. “ताई, घाबरू नका. साहेब बोलतायत माझ्याशी. हे घ्या, ऐका.” आणि फोन भाऊजींच्या कानाशी धरलात. ते एवढंच म्हणाले, “आहे मी.” मग तुम्ही पुन्हा, सावकाश: “१०८ ला फोन झालाय. सांगलीला सिव्हिलला नेणार हाईत. तुम्ही हिकडं येऊ नका, तिथंच जावा. स्वतः गाडी चालवू नका. गोळ्या चालू असतील तर पाकीट घेऊन जावा.”

पाऊण मिनिटाचा फोन असेल. पण त्यात सगळं होतं. आधी माणूस जिवंत आहे हे, तेही त्याच्याच आवाजात. मग मदत निघाली आहे हे. मग कुठे जायचं, कसं जायचं, सोबत काय न्यायचं. आणि नंबर तुम्ही त्यांच्याच तोंडून घेतला होता, मोबाइलमध्ये शोधला नाही. दहा आकडे न चुकता सांगणारा माणूस शुद्धीवर आहे, हे तुम्हाला तिथेच कळलं. गोळ्यांचं तर काय सांगावं! भाऊजींना अँजिओप्लास्टीनंतर रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू आहेत. अशा माणसाच्या डोक्याला बाहेरून नुसतं टेंगूळ दिसत असलं तरी आत रक्तस्राव चालू असू शकतो. पाकीट बघताच डॉक्टरांनी बाकी सगळं बाजूला ठेवून सीटी स्कॅन करायला सांगितला. स्कॅन चांगला आला, तरी रात्रभर जागं करून करून विचारत होते.

त्या व्हिडिओत अजून एक दिसतं. दोघेजण दार उघडून भाऊजींना दंडाला धरून ओढायला निघालेत आणि तुम्ही मध्ये आडवा हात घातलाय. त्या दोघांचाही राग नाही. एअरबॅग उघडली की पांढरी पूड उडते, जळका वास सुटतो, आणि बघणाऱ्याला वाटतं गाडी पेटली. तुम्ही मात्र खाली वाकून बघितलंत. सांडलेलं होतं ते हिरवं, चिकट. म्हणजे कूलंट. पेट्रोलचा वास नाही, जाळ नाही. मग ओढायची घाई कशाला? गाडी पेटली असती किंवा श्वास थांबला असता, तर ओढून काढावंच लागलं असतं. पण मान दुखतेय म्हणणाऱ्या माणसाला बगलेत धरून उचललं, की मणक्याची साधी चीर कायमचं अपंगत्व देऊन जाऊ शकते. १०८ वाले सांगत होते, ते आले तेव्हा तुम्ही मागच्या सीटवर बसून दोन्ही तळव्यांत भाऊजींचं डोकं सरळ धरून ठेवलं होतं. आणि पाणी पाजायला आलेल्याला परत पाठवलं होतं. पाणी द्यावंसं वाटतं खरं, पण ऑपरेशन करायची वेळ आली तर पोट रिकामं लागतं, आणि शुद्ध हरपली तर तेच पाणी श्वासनलिकेत जातं.

आणि ते वाढं, उसाचे तोडून टाकलेले हिरवे शेंडे! शेजारच्या तुटलेल्या फडातून वाढ्याच्या पेंढ्या आणून तुम्ही गाडीच्या मागे रस्त्यावर पसरल्यात, तेही चांगलं शंभर पावलं मागे. बहुतेक जण काय करतात? गाडीच्या ढुंगणाशी दोन दगड ठेवतात आणि झालं. ताशी ८० ने येणारी गाडी एका सेकंदात २२ मीटर पुढे येते. ड्रायव्हरला दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंतच तीसेक मीटर गेलेले असतात. दहा पावलांवरचा दगड त्याला दिसेपर्यंत तो गाडीत घुसलेला असतो. वर ते दगड नंतर कोणी उचलत नाही. गाडी क्रेनने जाते, माणसं पांगतात, आणि पहाटे दूधवाला मोटरसायकलवरून येऊन त्या दगडावर आपटतो. वाढं चाकाखाली आलं तर चुरतं, कोणाला पाडत नाही. हे क्रम लावून केलंत हेही कौतुकाचं, कारण बॅटरी सोडली की पार्किंग लाइट बंद पडतात. म्हणून आधी वाढं, मग बॅटरी सोडायला दहा नंबरचा पाना. तोही आधी काळ्या वायरीला. लाल आधी सोडली आणि पाना बॉडीला टेकला तर ठिणगी उडते, आणि चेपलेल्या बॉनेटखाली ठिणगी कोणाला हवीय?

गाडी बाजूला घेऊ म्हणून एकजण सेल मारायला बसला, त्यालाही तुम्ही उठवलंत. हा उपकार आम्हाला फार नंतर कळला. रेडिएटर फुटलेला. कूलंट नसताना इंजिन दोन-चार मिनिटं जरी चाललं तरी हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनमधलं सील, जातं, कधी इंजिनच जाम होतं, आणि विमा कंपनी म्हणते, हे अपघाताचं नुकसान नव्हे, नंतर चालवल्याचं. गॅरेजवाला बिल वाढवतो, नुकसान तपासायला आलेला विम्याचा सर्व्हेअर ते कापतो, मालक मध्ये भरडला जातो. तुम्ही गाडी हलायच्या आधी भाऊजींच्याच मोबाइलवर फोटोही काढून ठेवलेत. चारही बाजू, नंबर प्लेट, चाकांचे ओरखडे, कठडा. सर्व्हेअरने एकही जादा प्रश्न विचारला नाही.

जवळच्या एका दवाखान्यात कोणीतरी आधी विचारून आला होता. “पोलीस केस आहे, आम्ही हात लावत नाही,” असं उत्तर मिळालं. इतक्या वर्षांनंतरही हे वाक्य तसंच आहे! सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये मदत करणाऱ्यांना संरक्षण दिलं. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम आलं. मदत करणाऱ्यावर त्यासाठी खटला नाही, नाव सांगायची सक्ती नाही. २०२५ पासून तर जखमीला सात दिवसांपर्यंत दीड लाखापर्यंतचे उपचार कॅशलेस देण्याची योजना आहे. तरी पाटीवर ‘चोवीस तास’ लिहिणारा हात वर करतो, आणि ज्याची स्वतःची खेप खोळंबली होती तो पाऊण तास थांबतो. अँब्युलन्स सुटली, तुम्ही ट्रॅक्टर चालू केला आणि गेलात. नाव विचारणाऱ्या हवालदाराला “राहू द्या की साहेब” म्हणालात म्हणे. तो हक्क तुमचा. आमची मात्र पंचाईत केलीत.

भाऊजी घरी आलेत. दोन बरगड्या आणि मनगट. हसलं की दुखतं, म्हणून हसवायचं नाही असा ताईचा हुकूम आहे.

एक काम मात्र तुमच्याकडे आहे. तुम्ही काढलेल्या चौथ्या फोटोच्या कडेला तुमच्या मागच्या ट्रॉलीचा कोपरा आलाय. त्यावर उजव्या बाजूचा रिफ्लेक्टर नाही, नुसती दोन भोकं दिसतात. शिवाय ऊस भरला की हौद्यावरचे डावे-उजवे दोन्ही झाकलेच जातात. लाल चमकती पट्टी जाड कापडावर शिवून घेतली आहे, दोन ट्रॉल्यांच्या दोन, टोकांना दोऱ्या लावून. हौद्याला ठोकू नका, बाहेर आलेल्या शेवटच्या मोळ्यांना बांधा. पुलाच्या सांगलीकडच्या बाजूला चहाचा गाडा आहे, तिथे पिशवीत ठेवल्या आहेत. “वाढं टाकणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याला द्या” एवढंच सांगून ठेवलंय. नाव विचारणार नाहीत.

आपले ऋणी,
भाऊजींच्या घरचे सगळे, सांगली