खात्याचं तेवढं बघ

चि. मंदार यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा त्या बँकेच्या फॉर्मवरून आपली जुंपली आणि तू तसाच पुण्याला मुलाखतीला निघून गेलास. फोनवर मी पुन्हा तेच उकरून काढीन, म्हणून पत्र. नियमाचं एकदा सांगतो, मग विषय बंद. इथेच राहायचं ठरवून परत आलं की एनआरई, म्हणजे अनिवासी भारतीयांचं खातं, तसंच ठेवता येत नाही, निवासी करून घ्यावं लागतं. डॉलर मोडायचे नसतील तर आरएफसी, म्हणजे परत आलेल्यांचं परकीय चलनाचं खातं उघड, त्यात ते डॉलरच राहतात. दहापैकी नऊ वर्षं अनिवासी होतास, त्यामुळे सुरुवातीची दोन-तीन वर्षं तिकडची मिळकत बहुतेक इथल्या कराबाहेर राहील. पण ते आयकराचं. खात्याला फेमा, म्हणजे परकीय चलनाचा कायदा लागतो. दोन्हींची गल्लत करू नकोस.

तू म्हणालास, "असू द्या ना बाबा थोडे दिवस." तेव्हापासून डोळ्याला डोळा नाही. खातं तसंच ठेवलं म्हणजे परत जायची वाट मोकळी ठेवली, असंच मनात येतं. जायचं असेल तर जा बाबा, मी अडवणार नाही. माझ्या अँजिओप्लास्टीच्या धसक्याने तुम्ही सगळं आवरून आलात, हे घरात कोणी बोलत नाही, पण मला कळतं. आता मी सोमेश्वरपर्यंत चालून येतो, रिपोर्ट चांगले आहेत. इतका ठणठणीत होणार होतो, तर पोराने तिकडचं घर का विकलं?

जेहान सर्कलला तू रस्ता ओलांडणाऱ्या आजीबाईंसाठी गाडी थांबवलीस, मागे हॉर्नचा गदारोळ, एक जण काच खाली करून बोलून गेला. तू स्टिअरिंग घट्ट धरून बसलास. मी वैतागलो, पण मनातून बरं वाटलं होतं. थांबत जा. आरशात बघून थांबत जा. आणि "तिकडे असं नसतं" हे नव्या ऑफिसात म्हणू नकोस, लोक मनात धरतात. पगार ऐकला की लगेच डॉलरचा हिशोब नको. झालं, सुरू झालं माझं व्याख्यान. राहू दे.

छोटीला रामकुंडावर नेलं होतं. दुतोंड्या मारुती दाखवला, पाणी कमरेला की छातीला यावरून आपण पूर मोजतो म्हणून सांगितलं. 2008 च्या पुरात आपण दोघं एका छत्रीत उभे होतो, आठवतं? तू बारावीला, क्लास बुडवून आलेला, आईला आजही माहीत नाही. 2016 ला मारुती बुडाला तेव्हा तिकडे मध्यरात्र असूनही तू व्हिडिओसाठी माझ्यामागे लागला होतास. इतका जीव होता, तर राहशील ना रे? 2027 ला सिंहस्थ आहे. छोटीला गर्दीत खांद्यावर घ्यायला कोणीतरी हवं, मला डॉक्टरांनी वजन उचलायला मनाई केलीय.

बघ, आलो फिरून तिथेच.

सौ. केतकीलाही विचार. गॅलरीतली खोकी तिने अजून उघडलेली नाहीत. मी विचारायला सांगितलं, असं म्हणू नकोस.

शनिवारी बस द्वारका चौकात अडकेल, तिथे उतरू नकोस, रिक्षावाले वाटेल ते मागतात. महामार्ग स्टँडला उतर, मी घ्यायला येतो.

तुझे,
बाबा