शिक्षणमंत्र्यांना खुलं पत्र: निर्वासित मुलाला आधी वर्गात बसवा, कागद नंतर बघा

मंत्रीसाहेब (किंवा मॅडम, जे कोण असाल ते), नमस्कार.

वर नाव नाही टाकलं कारण हे पत्र कुठल्या एका देशाच्या मंत्र्याला नाहीये. युद्ध, दंगली, छळ यातून जीव वाचवून लोक पोराबाळांसकट ज्या ज्या देशात येऊन पोचलेत तिथल्या प्रत्येक शिक्षणमंत्र्याला आहे. शिक्षण किती महत्त्वाचं वगैरे सांगून तुमचा वेळ खात नाही, ते भाषण तुम्ही स्वतःच दरवर्षी देता. माझं म्हणणं एकाच गोष्टीवर आहे, शाळेच्या ऑफिसातल्या त्या खिडकीवर.

तिथे काय होतं बघा. आई पोराला घेऊन जाते, आतून विचारतात जन्मदाखला आहे का, आधीच्या शाळेचा टीसी आणलाय का, मार्कशीट, पत्त्याचा पुरावा? आता जी बाई रात्रीत घर सोडून पळालीये, जिची शाळाच बॉम्बने पडली, ती टीसी कुणाकडून सही करून आणणार? आणि जिथून जिवाच्या भीतीने पळाली त्याच सरकारच्या ऑफिसात परत जाऊन दाखला मागायचा म्हणजे कमालच आहे. मग उत्तर मिळतं "कागद घेऊन या, मग बघू". कुणीच नाही म्हटलेलं नसतं, नियमात पण कुठे बंदी लिहिलेली नसते, पण पोरगं त्या वर्षी घरीच बसतं आणि बहुतेक वेळा पुढच्या वर्षी पण.

कायद्याचं म्हणाल तर शंका नको. १९५१ च्या निर्वासितांच्या कराराचं कलम २२ सरळ सांगतं की प्राथमिक शिक्षणात निर्वासितांना आपल्या नागरिकांसारखीच वागणूक द्या. तुमच्या देशाने तो करार केला नसेल तरी १९८९ चा बालहक्क करार आहेच, त्यावर अमेरिका सोडून जवळपास सगळ्या जगाने शिक्का मारलाय, आणि त्यातला शिक्षणाचा हक्क "प्रत्येक मुलाला" आहे, फक्त पासपोर्टवाल्या मुलाला नाही. २०१८ च्या निर्वासितांवरच्या जागतिक करारात तर मुदतच सांगितलीये, शक्यतो आल्यापासून तीन महिन्यांच्या आत मूल शिक्षणात असावं. तीन महिने! आपल्याकडे तेवढ्यात फाईल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जात नाही.

प्रत्यक्षात चित्र काय, तर संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेच्या (यूएनएचसीआर) २०२३ च्या अहवालात शाळेच्या वयाची निर्वासित मुलं दीड कोटीच्या आसपास होती आणि त्यातली निम्म्याहून जास्त शाळेबाहेर. प्राथमिकला पटाचं प्रमाण ६५ टक्के, माध्यमिकला आलं की ४१, आणि कॉलेजला ६. म्हणजे जी आत शिरतात ती पण मध्येच गळतात. वय वाढतं तशी मुलाला मजुरी दिसायला लागते, मुलीचं घरच्यांना लग्न दिसायला लागतं, आणि शाळा नसेल तर त्यांना अडवणारं दुसरं कुणीच नसतं.

तुमच्या खात्यातलं कुणीतरी म्हणेल, साहेब ही माणसं तात्पुरती आहेत, उद्या परत जातील. हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. केनियातला दादाब कॅम्प १९९१ ला उघडला, काकुमा १९९२ ला, तात्पुरतेच होते ते पण. तिथे जन्मलेल्या पोरांना आता पोरं झालीयेत. युद्ध कधी संपेल हे तुमच्या हातात नाही, पण सात वर्षांचं पोरगं तोवर सात वर्षांचंच राहणार नाहीये एवढं तर नक्की आहे ना?

या तात्पुरत्याच्या नादात दुसरी चूक होते, ती म्हणजे वेगळी शाळा. कॅम्पात एक शेड, स्वयंसेवक, थोडं गाणी-गोष्टी-अक्षरओळख, परीक्षा नाही की सर्टिफिकेट नाही. बांगलादेशात म्यानमारमधून पळून आलेल्या रोहिंग्या मुलांना तिथला अभ्यासक्रम शिकवायला परवानगीच नव्हती, म्यानमारचा अभ्यासक्रम रीतसर सुरू व्हायला २०२१ उजाडलं, आणि मोठा लोंढा आला होता २०१७ ला. त्याउलट तुर्कस्तान बघा. त्यांनी पण आधी सीरियन मुलांसाठी अरबीतून वेगळी केंद्रं काढली, पण २०१६ नंतर ती हळूहळू बंद करून मुलं सरकारी शाळेत आणली. सोपं नव्हतं ते, भाषेचा त्रास झाला, भांडणं झाली. तरी मला तोच रस्ता बरोबर वाटतो, कारण शेवटी मुलाच्या हातात कुठेतरी चालणारं सर्टिफिकेट पडतं.

कागदांचं पण करता येतं. कोलंबियाने २०१८ मध्ये शाळांना सांगितलं की व्हेनेझुएलाच्या मुलांना कागद नसले तरी घ्या. मग पुढे अडचण आली की पोरं शिकतायत पण ओळखपत्राशिवाय शेवटचं सर्टिफिकेट मिळत नाही, आणि २०२१ मध्ये त्यांनी व्हेनेझुएलाच्या लाखो लोकांना दहा वर्षांचा तात्पुरता दर्जा द्यायचं ठरवलं. श्रीमंत देश नाहीये तो. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने पण १९८२ मध्ये, टेक्सासच्या केसमध्ये, कागद नसलेल्या मुलांना सरकारी शाळेतून बाहेर ठेवता येणार नाही असं सांगितलं. ती मुलं निर्वासित नव्हती, पण मुद्दा तोच होता की आईबापाच्या कागदांची शिक्षा पोराला का.

आता गर्दीचं. स्थानिक पालक ओरडतात की आमच्याच वर्गात सत्तर पोरं आहेत अजून कुठे कोंबता, आणि ते खोटं बोलत नाहीयेत. जगातले बहुतेक निर्वासित श्रीमंत देशात नाहीतच, शेजारच्या गरीब किंवा मध्यम देशात आहेत. लेबनॉन आणि जॉर्डनने त्यासाठी त्याच इमारतीत दुपारची शिफ्ट काढली. दुपारची पोरं दमलेली असतात, तास कमी मिळतात, सकाळच्या मुलांशी ओळखच होत नाही, पण घरी बसण्यापेक्षा लाख पटीने बरं. युगांडाने २०१८ च्या शिक्षण योजनेत निर्वासितांसोबत त्याच भागातली स्थानिक मुलं पण धरली, मला हे सगळ्यात शहाणपणाचं वाटलं. बाहेरून पैसा मागताना दोघांसाठी मागा, मग वर्गखोली वाढली की शेजारच्या पोराला पण बाक मिळतो आणि पालकांचा अर्धा राग तिथेच संपतो.

आणि हो, शिक्षक. निर्वासितांमध्ये आधी शाळेत शिकवायचं काम केलेली माणसं असतात, गणिताचे मास्तर, विज्ञानाच्या बाई, आणि ते मजुरी करत फिरतात कारण त्यांची डिग्री इथे चालत नाही. त्यांना निदान सहायक म्हणून वर्गात घ्या, मुलांना सुरुवातीला त्यांच्याच भाषेत समजावून सांगणारं कुणीतरी लागतंच.

मागणी छोटी आहे. एक परिपत्रक काढा. कागद नसले तरी तात्पुरता नाही, पक्का प्रवेश द्या. पालक सांगतील ते वय धरा. इयत्ता छोट्या चाचणीने ठरवा, पण चौदा वर्षांच्या मुलाला भाषा येत नाही म्हणून दुसरीत बसवू नका, तो दोन दिवसात पळून जाईल, त्याला भाषेचा वेगळा तास द्या. बोर्डाच्या परीक्षेचा फॉर्म पण याच नियमाने भरून घ्या, नाहीतर दहा वर्षं शिकवून शेवटी गेटवर अडवल्यासारखं होईल. आणि ते परिपत्रक नुसतं वेबसाईटवर टाकू नका, प्रत्येक शाळेच्या ऑफिसात खिडकीशेजारी चिकटवायला सांगा, खाली तक्रारीचा फोन नंबर टाकून, कारण वरून ऑर्डर आलीये हे समोर दिसल्याशिवाय क्लार्क लोक ऐकत नाहीत हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहितीये.

आपला,
एक नागरिक