बोगस शोधा, पण राहून गेलेले पण शोधा की

मा. संपादक,

बोगस दिव्यांग सर्टिफिकेटच्या पडताळणीच्या बातम्या वाचतेय. करा ना पडताळणी, खोटे सापडले तर आम्हाला आनंदच आहे. पण जे खरे असून बाहेर राहिले त्यांची पडताळणी कोण करणार?

माझा धाकटा दीर फॅब्रिकेशनचं काम करायचा, ग्राइंडर मारताना चीप उडून डावा डोळा गेला, पूर्ण गेला. सिव्हिलला बोर्डापुढे तीन खेपा घातल्यावर सर्टिफिकेट मिळालं, ३० टक्के. डॉक्टरांची चूक नाही म्हणा, दुसरा डोळा चांगला असेल तर नियमात तेवढेच बसतात, आणि लाभ पाहिजे तर ४० लागतात. म्हणजे एसटीची सवलत नाही, संजय गांधी निराधार योजनेची पेन्शन नाही, काहीच नाही. आता एका डोळ्याने त्याला अंतर कळत नाही, चहा कपात ओतायला जातो तो बशीत सांडतो, मग वेल्डिंग कुठलं करणार? शेठने हेल्पर म्हणून ठेवलंय, अर्ध्या पगारावर. टक्के डोळ्याचे मोजले, हातातून गेलेल्या कामाचे कोणी मोजलेच नाहीत.

बरं ज्यांना टक्के मिळतात त्यांचं तरी कुठं सुरळीत आहे. तिथंच लायनीत एक काकू भेटल्या, पोलिओ, ६० टक्के, नुसती दिव्यांग कार्डाची दुरुस्ती करायला आलेल्या. पेन्शनचं विचारलं तर म्हणाल्या, ती उत्पन्नात अडकली. संजय गांधीला दिव्यांगांसाठी कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न ५० हजारांच्या आत लागतं, म्हणजे दिवसाला १३७ रुपये आणि तेही सगळ्या घराचं मिळून! एवढ्यात आज कुठलं घर चालतं सांगा. काकू उत्पन्नाच्या दाखल्याला गेल्या तेव्हा तलाठ्याने (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, आम्ही तलाठीच म्हणतो) विचारलं, "किती टाकू?" यांचे मिस्टर साधे, मजुरी धरून लाखभर होतात म्हणाले, झालं, अर्ज बाद. शेजारच्यांनी ४० हजार सांगितले, त्यांना सुरू आहे. मी शेजारच्यांना नावं ठेवत नाही, लिमिटच अशी आहे की खरं बोलणारा घरी बसतो.

ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांगांच्या पेन्शनचे महिन्याला १५०० चे २५०० केले, चांगलंच केलं, पण ५० हजारांची अट तशीच ठेवून रक्कम वाढवली तर काकूंना त्याचं काय? २०१६ च्या कायद्यात सर्टिफिकेटवर अपील करता येतं ते तरी कोणी सांगतं का, आम्हाला खिडकीवर फक्त "पुढचे या" एवढंच ऐकू आलं. अर्थात दिराला अपिलाचाही उपयोग नाही, एका डोळ्याचे ३० हे छापीलच आहेत.

तर पडताळणी चालू द्या. आमच्या घरी कोणी येणार नाही, यादीत नाव असेल तर येतील ना.

– एक वाचक वहिनी