खोली आवरताना

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, "आई, एवढा पसारा नव्या घरात कशाला नेतेस? भंगारवाल्याला बोलव आणि एका दिवसात मोकळी हो." मग लगेच तुमच्या चौघांच्या फ्लॅटमधलं भांडण सांगितलंस. साफसफाईच्या भरात एकानं तुझ्या कॉलेजच्या वह्या रद्दीत घातल्या, म्हणून तू दोन दिवस त्याच्याशी बोललेला नाहीस. अरे, तुझ्या वह्यांचं जे झालं तेच तू मला इथे करायला सांगत होतास. फोनवर बोलायला सुचलं नाही, म्हणून लिहितेय.

बीडीडी चाळीतली आपली खोली 160 चौरस फुटांची. लग्न होऊन आले तेव्हा त्यात सात माणसं होती: आजी-आजोबा, दोन काका, आत्या आणि आम्ही दोघं. तू आठवा. एका मजल्यावर 20 खोल्या, संडास सगळ्यांना मिळून. तरी आपल्याकडे वस्तू शोधण्यात कुणाचा वेळ गेल्याचं मला आठवत नाही. सकाळी उठलं की वळकट्या पलंगाखाली जायच्या, त्यासुद्धा ठरलेल्या क्रमानं. लवकर झोपणाऱ्यांच्या वर, पॅसेजमध्ये झोपणाऱ्या काकांच्या खाली, कारण ते सेकंड पाळी करून रात्री उशिरा यायचे. मोरीजवळ पिंप, पिंपावर झाकण, झाकणावर तांब्या, आणि तांब्या दुसरीकडे ठेवलेला आजीला खपायचा नाही. दाराच्या मागे खिळे होते, माणशी एक. तुझ्यासाठी बाबांनी खाली, तुझा हात पोचेल असा ठोकला होता. तू तीन वर्षांचा असताना त्यावर दप्तर नव्हतं, तर नुसती टोपी लटकवायचास आणि सगळ्यांना दाखवायचास. तो खिळा अजून आहे.

जागा कमी होती, म्हणून ही शिस्त आली हे खरं. पण ती टिकली, कारण प्रत्येक वस्तूची जागा आठही जणांना ठाऊक होती. एकट्या बाईनं मनाशी ठरवून घर लावलं की ते तिलाच सापडतं, आणि दिवसभर "आई, अमुक कुठाय?" सुरू राहतं.

आता मी तुला एक गोष्ट सांगते, ती तुला कधी सांगितली नाही. तुझा जन्म व्हायच्या आदल्या वर्षी दिवाळीची साफसफाई काढली होती. माळ्यावर ट्रंकेत आजोबांचा एक लोकरीचा कोट होता. कोपराला विरलेला, कसर लागलेला. आजोबा मिलमध्ये होते, 1982च्या संपानंतर त्यांना पुन्हा कामावर घेतलं नाही. तो कोट त्यांनी नंतर कधी अंगात घातलेला मी पाहिला नव्हता. दुपारी बोहारीण आली. कोट आणि चार जुनी लुगडी देऊन मी एक स्टीलचा डबा घेतला, झाकणाला कडी असलेला. घासाघीस करून घेतला म्हणून मला आनंद झाला होता. संध्याकाळी आजीनं ट्रंक उघडली, पुन्हा लावली. एक शब्द बोलल्या नाहीत. पण त्या डब्याला त्यांनी मरेपर्यंत हात लावला नाही. डाळ काढायची असली तरी मला हाक मारायच्या. आजोबा पगाराच्या दिवशी तो कोट घालायचे, हे मला आत्यानं फार पुढे सांगितलं. तोवर माफी मागायला आजी राहिल्या नव्हत्या.

तेव्हापासून मी एकच ठरवलं. माझं सामान मी हवं तेवढं काढीन, दुसऱ्याच्या कपट्यालाही विचारल्याशिवाय हात लावणार नाही. चाळीच्या पुनर्विकासात नव्या घराची पात्रता ठरायची वेळ आली, तेव्हा जुने कागद मागितले. रेशनकार्ड, भाड्याच्या पावत्या सगळं आजीच्या बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात होतं, वर्षावार, सुतळीनं बांधलेलं. तो डबा "गंजलाय, टाकू या" असं मी दोनदा म्हटलं होतं. विचारलं होतं म्हणून तो राहिला. 2025च्या ऑगस्टमध्ये वरळीतल्या पहिल्या 556 घरांच्या चाव्या वाटल्या. आपल्या इमारतीला आता खोली रिकामी करायची नोटीस आलीय. पुढे 500 चौरस फूट मिळणार. पण जागा मोठी मिळतेय म्हणून सगळं भरून न्यायचं, असं माझ्याही मनात नाही. पाच पातेली, फुटका पाट, तीन स्टोव्ह मी माझ्या हातानं काढलेत. ते माझेच होते.

तुम्ही चौघंही असंच करा. रविवारी सकाळी एकत्र बसा, सगळे घरात असताना. प्रत्येकानं फक्त आपलं सामान काढायचं. ज्याचा मालक सापडत नाही ते एका खोक्यात घालून हॉलमध्ये महिनाभर ठेवा, मगच बाहेर काढा. फ्रीजमध्ये कप्पा वाटून घ्या. तेल, मीठ, साखर मात्र एकत्रच ठेवा, त्यात वाटण्या करू नका. एका घरात चार मिठाच्या पुड्या बघवत नाहीत. सिंकमधली भांडी रात्रीची रात्री घासायची आणि पाळी कागदावर लिहून भिंतीला चिकटवायची. तोंडी ठरलेलं चार दिवसांत विसरतं. आणि त्या मुलाशी बोल. त्याला घर नीट हवं होतं. त्यानं विचारलं नाही एवढंच चुकलं, ते त्याला समोर बसवून सांग. गप्प राहून काय होतं ते मी त्या स्टीलच्या डब्याच्या रूपानं रोज पाहिलंय.

माळ्यावरची तुझी पेटी मी उघडलेली नाही. वर गोट्यांची बरणी दिसतेय आणि शाळेची ती निळी फाईल. काय न्यायचं, काय टाकायचं ते तू ठरव. पुढच्या शनिवारपर्यंत ये. मी बाजारात गेलेली असले तर किल्ली शेजारच्या काकूंकडे आहे, नेहमीच्या जागी.

तुझी,
आई