हुसैनाराच्या वकीलबाईंना

आदरणीय कपिला हिंगोरानी बाई,

सप्रेम नमस्कार.

कोर्टात वकील स्त्रियांना सगळे मॅडम म्हणतात. पण आमच्याकडे मानही द्यायचा असतो आणि जवळीकही ठेवायची असते तिथे 'बाई' येतं, शाळेतल्या बाईंना म्हणतात तसं. म्हणून बाईच म्हणते. तुम्ही २०१३ च्या अखेरीस गेलात आणि तुमचं नाव मला कळलं २०१७ साली. हे पत्र तुमच्या हाती पडायचं नाही, एवढं कळतं मला. तरी लिहिते, कारण आभार मानायचे राहून गेले की मन खात राहतं. आणि दुसरं असं, की हे वाचतील त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी तुमचं नाव ऐकलेलं नसेल. बिहारच्या तुरुंगांतल्या कच्च्या कैद्यांसाठी, म्हणजे खटल्याचा निकाल लागायच्या आधीच आत अडकलेल्यांसाठी, १९७९ साली सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या वकील तुम्ही.

मी विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी राहते. शिवणकाम करते. धाकटा भाऊ मजुरीला जायचा. ४ मार्च २०१६ च्या संध्याकाळी शेतातल्या मोटारपंपाच्या चोरीत पोलिसांनी त्याला उचललं. दोन दिवस पीसीआर, मग एमसीआर, म्हणजे आधी पोलीस कोठडी आणि मग जिल्ह्याच्या ठिकाणचा तुरुंग. ही अक्षरं तेव्हा पहिल्यांदा ऐकली. आता झोपेतही बरळते. तेविसाव्या दिवशी जामीन मंजूर झाला आणि आईनं शेजारीपाजारी साखर वाटली. जामीन झाला म्हणजे माणूस संध्याकाळच्या गाडीनं घरी येतो, असंच आम्हाला वाटत होतं.

आदेशात एक ओळ होती: पंधरा हजारांचा एक ऐपतदार जामीनदार. ऐपतदार म्हणजे ज्याच्या नावावर सातबारा आहे असा. आमच्याकडे तीन पिढ्यांत कोणाच्या नावावर गुंठाभर जमीन नाही. गावात ज्यांच्याकडे सातबारा होता त्यांच्यातल्याच एकाचा पंप गेलेला. बाकीचे त्याच्या पंगतीत बसणारे. मामाची दीड एकर कोरडवाहू होती, पण शेजारच्या जिल्ह्यात. बिचारा तलाठ्याकडून उतारा काढून, दिवसाची मजुरी बुडवून आला. टेबलावरून सांगण्यात आलं, बाहेरच्या जिल्ह्याचा चालत नाही, स्थानिक आणा. मामा उतारा घडी करून खिशात घालून परत गेला. पुढे कितीतरी दिवसांनी मला कळलं, की हेच सगळं मध्य प्रदेशातल्या एका गवंड्याच्या बाबतीत घडलं होतं. दहा हजारांचा जामीनदार मागितला, भाऊ उभा राहिला, तर त्याची मिळकत दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून नाकारला. आणि हे चालणार नाही असं सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी १९७८ सालीच लिहून ठेवलं होतं. मामा उतारा घेऊन आला तेव्हा त्या निकालाला अडतीस वर्षं झाली होती.

मुलाकतीला गेलं की जाळीपलीकडून भाऊ एकच विचारायचा, "ताई, जामीन झाला ना माहा? मंग मी अजून इथंच कसा?" मला उत्तर देता यायचं नाही. त्याला सरकारी खर्चानं एक वकील मिळाला होता, त्याचं तोंड आम्ही दोनदा पाहिलं, तेही लांबून. पावसाळा गेला, सोयाबीन निघालं, दिवाळी झाली.

मग विधी सेवेकडून, म्हणजे गरिबांना फुकट वकील देणाऱ्या सरकारी प्राधिकरणाकडून, दुसरी वकील मिळाली. तरुण पोरगी होती, आवाज किनरा, पण कागद वाचणारी. तिनं अट शिथिल करून जातमुचलक्यावर सोडावं असा अर्ज केला. पीआर बाँड म्हणतात त्याला, म्हणजे जामीनदार न मागता त्याच्या स्वतःच्या लेखी हमीवर. त्या अर्जाची झेरॉक्स माझ्याकडे अजून आहे. तिसऱ्या पानावर ओळ होती: 'हुसैनारा खातून विरुद्ध बिहार राज्य, १९७९'. मला वाटलं, ही तिची आधीची कोणी पक्षकार असेल. मी विचारलंही, "ताई, ह्या खातूनबाई सुटल्या का?" ती हसली नाही. म्हणाली, "सुटल्या. आणि अजून लोक सुटतातच आहेत त्यांच्या नावावर."

२९ नोव्हेंबर २०१६ ला भाऊ बाहेर आला. २७१ दिवस. त्यातले २४८ जामीन मंजूर झाल्यानंतरचे. गेटवर त्याचं सामान परत दिलं: एक पट्टा, एक बंद पडलेला मोबाइल आणि मार्चमध्ये झडतीत जमा झालेली पाचशेची नोट. नोटबंदीला तीन आठवडे झाले होते. ती नोट घेऊन तो टपरीवर चहा घ्यायला गेला आणि टपरीवाला त्याच्या तोंडाकडे बघत राहिला. २०१९ साली तो निर्दोष सुटला. पंप कोणी नेला ते अजून कोणाला माहीत नाही.

आता तुमच्याकडे येते. भाऊ सुटल्यावर त्या तरुण वकिलीणबाईंनी मला पॅरालीगल व्हॉलंटियरचा फॉर्म भरायला लावला. मराठीत विधी स्वयंसेवक. प्रशिक्षणात हुसैनारा परत आली, आणि मी निकालाची प्रत मागून घेतली. इंग्रजी अडखळत वाचते, पण वाचते. सुरुवातीलाच बारीक अक्षरात होतं, याचिकाकर्त्यांतर्फे श्रीमती के. हिंगोरानी. खटल्याला नाव कैदी बाईचं, निकालावर नाव न्यायमूर्ती भगवतींचं, आणि तुम्ही एका ओळीत. मी ती ओळ पेनानं अधोरेखित केली. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाच्या ग्रंथालयात तुमची तसबीर लागली, तिथे लागलेली पहिली स्त्रीची तसबीर, हे नंतर पेपरात वाचलं आणि बरं वाटलं. उशीर झाला, पण बरं वाटलं.

तुम्ही नैरोबीत जन्मलेल्या, कार्डिफला कायदा शिकलेल्या, दिल्लीत वकिली करणाऱ्या. बिहारच्या तुरुंगाशी तुमचं काय देणंघेणं? १९७९ च्या जानेवारीत ८ आणि ९ तारखेला 'इंडियन एक्स्प्रेस'मध्ये के. एफ. रुस्तमजी यांचे लेख आले. रुस्तमजी आमच्या नागपूरजवळच्या कामठीत जन्मलेले, सीमा सुरक्षा दलाचे पहिले प्रमुख, तेव्हा राष्ट्रीय पोलीस आयोगावर होते. बिहारच्या तुरुंगांत जे पाहिलं ते त्यांनी नावानिशी लिहिलं. उभी हयात पोलिसात काढलेल्या माणसानं कच्च्या कैद्यांची बाजू पेपरात मांडावी याचं मला नवल वाटतं (ठाण्यात माझं रोजचं जाणं-येणं आहे, म्हणून जरा जास्तच वाटतं). लेख कितीतरी लोकांनी वाचले असतील, हळहळले असतील आणि पान उलटलं असेल. तुम्ही याचिका लिहायला घेतलीत.

आणि इथेच मला तुमचं सगळ्यात मोठं काम दिसतं. तुरुंगाच्या गेटवर पहिला प्रश्न असतो, "तुम्ही त्याचे कोण?" आई, बहीण, बायको, तर आत. नाहीतर बाजूला व्हा. कोर्टाचाही रिवाज तेव्हा तोच होता: ज्याच्यावर अन्याय झाला त्यानं यावं, नाहीतर त्याच्या नात्यातल्यानं. तुमच्याकडे त्या माणसांचं वकीलपत्र नव्हतं. त्यातलं कोणी तुम्हाला ओळखतही नव्हतं. तरी तुम्ही 'या कैद्यांना कोर्टापुढे हजर करा' म्हणून उभ्या राहिलात, आणि कोर्टानं तुमचं ऐकून घेतलं. जनहित याचिका हा शब्द आज राजकारणी लोकसुद्धा चणे-फुटाण्यासारखा वापरतात. त्याची सुरुवात अशी, कोणाचंच कोणी नसलेल्या एका बाईपासून झाली.

निकाल वाचताना मला रडू नाही आलं, चीड आली. रांचीच्या तुरुंगात एक माणूस १९६८ पासून. १९७२ ला खटला सत्र न्यायालयाकडे पाठवला, आणि १९७९ उजाडलं तरी सुनावणी सुरूच नाही. काही जण तर असे, की गुन्हा शाबित झाला असता तरी जेवढी शिक्षा झाली असती त्याहून जास्त दिवस आत बसलेले. बायका तर आरोपीही नव्हत्या. कोणी साक्षीदार, कोणी जिच्यावर गुन्हा घडला तीच. 'संरक्षणासाठी' म्हणून तुरुंगात! कोर्टानं बिहार सरकारकडे वर्षवार याद्या मागितल्या. मग एकेक आदेश निघत गेला: जलद सुनावणी हा जगण्याच्या हक्काचाच भाग, गरिबाला वकील देणं हे सरकारचं काम, आणि ज्याची मुळं त्याच्या गावात आहेत, जो पळून जाणार नाही, त्याला पैशाच्या तारणाशिवाय जातमुचलक्यावर सोडावं. सुमारे चाळीस हजार कच्चे कैदी त्या प्रकरणामुळे सुटले असं सांगतात. चाळीस हजार हा आकडा माझ्या डोक्यात मावत नाही. मी एकाचे २७१ दिवस मोजलेत, तेवढंच मला समजतं.

रुदुल साहचं प्रकरणही तुमचंच. १९६८ च्या जूनमध्ये निर्दोष सुटलेला माणूस १९८२ च्या ऑक्टोबरमध्ये तुरुंगाबाहेर आला. चौदा वर्षं! सरकार म्हणालं, तो वेडा होता. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड, आपल्या पुण्याचे, त्यांनी ते मानलं नाही आणि पस्तीस हजार रुपये द्यायला लावले. मूलभूत हक्क मोडला म्हणून सर्वोच्च न्यायालयानं थेट भरपाई द्यायला लावली ती तिथपासून. रक्कम किती तोकडी, म्हणाल. पण माझ्या भावाला २४८ दिवसांचा कोणी एक रुपया दिला नाही, म्हणून मला ते पस्तीस हजार लहान वाटत नाहीत. भागलपूरला पोलिसांनी डोळ्यांत सुया आणि ॲसिड घालून आंधळे केलेल्यांसाठीही तुम्हीच उभ्या राहिलात. त्यावर जास्त लिहवत नाही.

माझ्या हाती आता एक दोनशेपानी वही असते, आमच्याकडच्या कच्च्या कैद्यांची. नाव, कलम, पहिल्यांदा कोठडी मिळाली ती तारीख, आजपर्यंतचे दिवस. हा शेवटचा रकाना मी दर सोमवारी खोडून पुन्हा भरते. साठ दिवसांत किंवा मोठ्या गुन्ह्यात नव्वद दिवसांत चार्जशीट आलं नाही, तर जामीन हा हक्क होतो. पण चार्जशीट यायच्या आत अर्ज पडला पाहिजे, नाहीतर हक्क गेला. कोठडीचा पहिला दिवस धरायचा की नाही यावर वकिलांमध्ये किती वर्षं वाद होता, शेवटी २०२३ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, धरायचा. आमच्या वहीत त्या एका दिवसाला सोन्याचा भाव आहे. त्याच वर्षी जानेवारीत आणखी एक झालं: जामीन मंजूर होऊन सात दिवसांत कैदी सुटला नाही, तर तुरुंग अधीक्षकानं विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं, आणि महिनाभरात जामीनदार मिळाला नाही तर कोर्ट स्वतःहून अट सैल करू शकतं. २०२४ च्या जुलैपासूनच्या नव्या कायद्यात, पहिलाच गुन्हा असेल तर जास्तीत जास्त शिक्षेच्या एक तृतीयांश दिवस भरले की सोडायचं. जन्मठेप-फाशीची कलमं सोडून, आणि एकाहून जास्त खटले चालू नसतील तर. हे सगळं वाचताना मला मामाचा घडी केलेला उतारा आठवतो.

खोटं कशाला बोलू, बाई, वैतागही येतो. २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत पावणेसहा लाखांच्या आसपास माणसं होती आणि त्यातली सव्वाचार लाखांवर कच्चे कैदी. म्हणजे चारातले तीन. तुमचा निकाल चाळीस वर्षांचा होऊन गेला तरी. परवा कोर्टातल्या एका शिरस्तेदारानं मला सुनावलं, "बाई, चोरांची एवढी काळजी, ज्याचं गेलं त्याची कोण करणार?" मी म्हटलं, ज्याचं गेलं त्यालाही निकालच पाहिजे ना, तोही तुम्ही देत नाही. पण घरी येऊन मशीनवर बसले तेव्हा वाटलं, त्याचंही अगदीच चूक नाही. ज्याचा पंप गेला तो शेतकरी तीन वर्षं तारखांना येत होता, भाड्याचे पैसे घालवून.

तुम्हाला असे प्रश्न विचारले गेले असतीलच. काय उत्तर देत होतात, ते ऐकायला आवडलं असतं.

भाऊ आता रंगकाम करतो. त्याला दोन मुली आहेत. तुमच्याबद्दल सांगितलं तेव्हा त्यानं विचारलं, "त्या बाईनं पैसे किती घेतले असतील गं?" मी म्हटलं, तुझ्याकडून तर काहीच नाही. त्यावर तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, माझ्याकडून पण नमस्कार लिही. लिहिला आहे.

वहीत ४३ नंबरला एकोणीस वर्षांचा पोरगा आहे. तांब्याच्या तारेची चोरी, आई-वडील ऊसतोडीला गेलेले, मुलाकतीला कोणी येत नाही. गेटवरच्या रजिस्टरात त्याच्यासमोर 'नाते' या रकान्यात मी रेघ मारते. त्याचे साठ दिवस बुधवारी भरतात आणि चार्जशीट अजून आलेलं नाही. अर्ज टाइप करून ठेवला आहे, वकीलबाईंची सही झाली आहे. गुरुवारी सकाळी सहाच्या एसटीनं निघते, म्हणजे खिडकी उघडायच्या आत कोर्टात पोचेन.

तुमची,
एक विधी स्वयंसेवक