त्वचारोगतज्ज्ञांकडे जाताना जुन्या ट्यूब बरोबर न्याव्यात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सांगलीत पाऊस लांबला की दोरीवरचे कपडे दमटच राहतात आणि जांघेत, कमरेला, काखेत गजकर्ण उठते, हे इथल्या माणसाला नवे नाही. पण पूर्वी थोड्या मलमाने हटणारे हे दुखणे आता महिनोन्‌महिने जात नाही आणि सगळे घरगुती व दुकानी उपाय थकल्यावरच माणूस खासगी त्वचारोगतज्ज्ञांची पायरी चढतो. गेल्या वर्षी मीही असाच चढलो. तिथे काय विचारतात, काय तपासतात आणि गुण यायला किती दिवस लागतात याची मला काहीच कल्पना नव्हती, आणि त्या अज्ञानाची किंमत तपासणी फीपेक्षा पुष्कळ जास्त पडली, म्हणून हे पत्र.

नंबर लावून दीड तास बसल्यावर आत गेलो, तर डॉक्टरांनी चट्टा पाहण्याआधीच विचारले, “आजवर काय काय लावले?” मी म्हणालो, “मेडिकलमधून आणलेली पांढरी ट्यूब.” या उत्तराचा त्यांना काडीचाही उपयोग नव्हता. घरी जाऊन वेष्टन पाहिले, तेव्हा कळले की तिच्यात बुरशीचे औषध होते, जिवाणूंचे होते आणि क्लोबेटासोल नावाचे तीव्र स्टिरॉइडही होते. स्टिरॉइडमुळे लाली आणि खाज दोन दिवसांत बसते, त्यामुळे माणूस खूश होतो. पण त्या जागेची प्रतिकारशक्ती दबली गेल्याने बुरशी आत फोफावत राहते, गजकर्णाचे नेहमीचे गोल कडे पुसट होते आणि जाणत्या डॉक्टरलाही नुसत्या नजरेने निदान करणे अवघड जाते. चेहऱ्यावर हीच मलमे गोरेपणासाठी चोळणाऱ्या मुलींची कातडी पातळ होते, उन्हात आग होते, मुरमे आणि लव वाढते. म्हणून वापरलेली प्रत्येक ट्यूब, गोळ्यांची पाकिटे आणि आधीच्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या पिशवीत घालून न्याव्यात, चेहरा दाखवायचा असेल तर पावडर किंवा क्रीम लावून जाऊ नये आणि नखांचा त्रास असेल तर नेलपॉलिश काढून जावे.

माझ्या चट्ट्याच्या कडेची कातडी हलक्या हाताने खरवडून, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकून ती सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यात आली. हे काही मिनिटांचे काम असते आणि दुखत नाही. अंगावरचे कपडे बाजूला करून दाखवावे लागतात, तिथे आपल्याकडे फार संकोच होतो. जांघेतले दुखणे लपवून फक्त हातावरचा चट्टा दाखवणारे आमच्या ओळखीत आहेत. स्त्री रुग्णाने तपासणीच्या वेळी परिचारिका किंवा घरातली बाई जवळ असावी असे सांगण्यात काहीच गैर नाही.

पुढे कामधंद्याची चौकशी झाली, ती मला आधी उगाच वाटली. पण तासगावकडचा द्राक्षबागायतदार हातमोजे न घालता फवारणी करतो का, बांधावर गाजरगवत किती आहे, केसांना कोणता कलप लावता, या प्रश्नांतच पुष्कळदा दुखण्याचे मूळ सापडते. टिकलीच्या गोंदातील रसायनामुळे कपाळावर नेमका टिकलीएवढाच पांढरा डाग पडतो, हे मला तिथेच समजले. फिकट डागावर डॉक्टर कापूस फिरवून स्पर्श कळतो का ते पाहतात, त्याने घाबरून जाऊ नये. कुष्ठरोग निघालाच, तर त्याची बहुविध औषधे सरकारी केंद्रांत मोफत मिळतात आणि उपचार बहुधा सहा किंवा बारा महिन्यांत पुरे होतात.

सर्वांत मोठा गैरसमज आहे तो वेळेचा. गजकर्णाचे औषध काही आठवडे, स्टिरॉइडने बिघडवलेले असेल तर त्याहून अधिक काळ घ्यावे लागते. मलम चट्ट्याच्या कडेबाहेर दोन बोटे लावायचे असते. घरात आणखी कुणाला खाज असेल तर त्याचेही उपचार त्याच वेळी करावे लागतात, नाहीतर एकाच टॉवेलातून ते परत येते. स्टिरॉइड थांबवल्यावर काही दिवस खाज व लाली उलट वाढते. याच टप्प्यावर आपल्याकडचा रुग्ण “या डॉक्टरांच्या हाताला गुण नाही” म्हणून दुसऱ्याकडे जातो किंवा त्याच पांढऱ्या ट्यूबकडे वळतो. दहाव्या दिवशी मीही वळणार होतो. पत्नीने ट्यूब कचऱ्यात टाकली म्हणून वाचलो.

आता थोडे डॉक्टर मंडळींसाठी. नोंदणी क्रमांक दवाखान्यात व चिठ्ठीवर असावा, फी फलकावर लिहावी, हे २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेच्या नियमांतच आहे. पण अनेक ठिकाणी बाहेर लेझरचे आणि केसरोपणाचे मोठे फलक दिसतात; तपासणी फी किती आणि पुन्हा दाखवायला किती दिवसांपर्यंत वेगळे पैसे पडत नाहीत, हे मात्र काउंटरवर विचारावे लागते. खाजेसाठी आलेल्या माणसाला चेहरा उजळण्याचे पॅकेज सुचवणे तर मला मुळीच पटत नाही. ज्यांना खासगी फी झेपत नाही, त्यांच्यासाठी मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात त्वचारोग विभाग आहे, हे इथे नमूद करतो.

शेवटची विनंती अन्न व औषध प्रशासनाला आहे. त्वचेवर लावायची अनेक स्टिरॉइड मलमे २०१८ मध्ये अनुसूची ‘एच’मध्ये घातली गेली, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. गेल्या आठवड्यात मी मुद्दाम घराजवळच्या एका दुकानात खाजेवर काहीतरी द्या म्हणून विचारून पाहिले. चिठ्ठी न मागता तीच ट्यूब पुढे सरकवण्यात आली. वर दुकानदाराने सांगितले, “दोन दिवसांत फरक पडेल.”

आपला,
एक निवृत्त शिक्षक,
विश्रामबाग, सांगली